धावपट्टीवरची हळद

सकाळी चहा पिताना मंजुळाबाई दोनदा म्हणाली, "मैदानावरची हळद आज लवकर उचलून घ्या."

"काहून?" विश्वंभरानं विचारलं.

"आभाळ येईल."

त्यानं दारातून वर पाहिलं. चैताचं आभाळ, राखेनं घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं लख्ख. ढगाचं नाव नव्हतं. "कुठून येईल आभाळ?" असं पुटपुटत त्यानं डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळला, हळद पालटायचं दाताळं खांद्यावर टाकलं आणि मोटारसायकलला किक मारली. बायको मागून आणखी काहीतरी म्हणाली, ते त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गेलं वर्षभर घरात तो असाच वागत होता. कुठं बसला की उठायचा, उठला की कुठं जावं ते कळायचं नाही.

मैदान म्हणजे पांगरखेड नगरपालिकेचं विमानतळ. गावाबाहेर माळावर एक लांब डांबरी धावपट्टी, एक पत्र्याचं शेड, दोन खोल्या आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी एक लाल-पांढरी कापडी पिशवी. कुण्या काळी एका नगराध्यक्षाच्या डोक्यात आलं, की आपल्या गावात विमान उतरलं पाहिजे. विमानं उतरायचीही, पण कधीमधी. निवडणुकीत हेलिकॉप्टर यायचं, आणि दोन जिल्हे पलीकडच्या विमानशाळेची पोरं सराव म्हणून त्यांचं चिमुकलं विमान इथं टेकवून जायची. एरवी धावपट्टी मोकळी. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना ती खळ्यासारखी दिसायची. शिजवलेली हळद वाळवायला इतकी सपाट, तापणारी, मातीचा कण न लागणारी जागा साऱ्या तालुक्यात नव्हती. राखणदार जळबा भला माणूस. तो आधी नको नको म्हणायचा आणि मग म्हणायचा, "एका कडंला टाका बाबा, आणि सांगितलं की उचला."

आदल्या संध्याकाळी त्यानं सांगितलं होतं. विमानशाळेचा नगरपालिकेत फोन आला होता, उद्या सकाळी विमान येणार होतं. शेजारच्या तांड्यावरच्या देविदासनं आपली हळद रातोरात ट्रॉलीत भरून नेलीही होती. विश्वंभर मैदानावर पोचला तेव्हा धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला त्याच्या एकट्याचीच हळद पिवळीधमक पसरलेली होती.

"दादा, उचला आता," जळबा धावत आला. "येईल कधी बी."

"मागच्या येळेस बी येणार व्हतं. आलं का?"

"आलं न्हाई, पण..."

"एक डाव पालटतो, दोन तास ऊन खाऊ दे. मंग उचलतो. वसमतच्या बाजारात ओली हळकुंडं कोण घेईल?"

जळबा मान खाजवत उभा राहिला. विश्वंभर दाताळं ओढू लागला. काम हातात असलं की डोक्यातली भुणभुण जरा थांबायची, म्हणून तो गरज नसतानाही दिवसातून चारदा हळद पालटायचा.

भुणभुण होती ती पोरीची. प्रतिक्षा, एकुलती एक. बी.एस्सी. झाली तेव्हा त्यानं आखाडा बाळापूरच्या एका चांगल्या घरात सोयरिक जमवली होती. बैठक बसायच्या चार दिवस आधी पोरगी म्हणाली, "अण्णा, मला विमान चालवायला शिकायचंय. सरकारी योजनेत माझा नंबर लागलाय." त्याला आधी गंमत वाटली, मग राग आला, आणि रागाच्या तळाशी होती ती भीती. वरून पडलं तर माणसाचं काय उरतं, हा एकच विचार. पण भीती बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. तो रागच बोलला. "जायचं तर जा. पण मंग पुन्हा या घराकडं बघू नको." पोरगी बापावर गेलेली. गेली. गावात तो सांगत राहिला, की पोरगी संभाजीनगरला बँकेच्या परीक्षेची तयारी करून राहिली. कुणी जास्त विचारलं की तो उठून चालू लागायचा.

पश्चिमेकडून घरघर ऐकू आली.

"आलं!" जळबा ओरडला. "दादा, आलं!"

विश्वंभरानं डोळ्यांवर हात धरला. उन्हात एक पांढरा ठिपका, मग त्याला पंख फुटले. विमान मैदानाला वळसा घालून पूर्वेकडून खाली येऊ लागलं. हळद होती त्याच टोकाकडून.

दोघांनी हळदीखालच्या ताडपत्रीची टोकं धरून ओढायला सुरुवात केली. ताडपत्री जड झालेली, अर्धी हळद तिच्याबाहेर डांबरावर सांडलेली. विश्वंभरानं मान वर केली तेव्हा विमान इतकं खाली होतं की पुढचं फिरतं पातं त्याला दिसलं. तो हळदीत आडवा पडला. एकदम इंजिनाचा आवाज फाटल्यासारखा वाढला, अंगावरून वाऱ्याचा लोट गेला, आणि विमान न टेकताच वर उठून निघून गेलं. हळदीची धूळ भोवऱ्यासारखी उडाली. त्याच्या नाकातोंडात, कानात पिवळा भुगा बसला.

"गेलं का परत?" त्यानं खोकत विचारलं.

"फिरून येईल! वढा!"

त्यांनी जमेल तेवढी ओढली. सगळी निघणं शक्य नव्हतं. विमान पुन्हा वळलं, पुन्हा खाली आलं. या वेळी ते हळदीवरून उंच राहिलं आणि पार पुढं, धावपट्टीच्या मध्यावर टेकलं. टायर किंचाळले. पुढं पट्टी थोडीच उरली होती आणि त्यापलीकडं काटेरी तारांचं कुंपण. विश्वंभर नकळत त्या दिशेनं पळू लागला. विमान हळू झालं, आणखी हळू झालं आणि कुंपणाच्या अलीकडं थांबलं.

पातं थांबलं. दार उघडलं. पांढरा शर्ट, काळी पँट घातलेली एक पोरगी खाली उतरली आणि गळ्यात लटकलेले हेडफोन काढत ताडताड चालत आली.

"कोणाची हळद आहे ही?" तिनं लांबूनच विचारलं. "राखणदार कोण आहे इथला?"

"ताई, चुकलं," जळबानं हात जोडले. "मी सांगितलं व्हतं..."

"चुकलं काय चुकलं! कोणाची आहे?"

विश्वंभराचे पाय डांबराला चिकटले होते. आवाज त्यानं पहिल्या शब्दालाच ओळखला होता. त्यानं तोंडावरचा रुमाल सोडला. खालचं तोंडही पिवळंच झालं होतं.

"माझी," तो म्हणाला.

प्रतिक्षा थांबली. तिचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. जळबाला काही कळेना. तो एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघू लागला.

"अण्णा," ती म्हणाली, "पहिल्या खेपेला मी टेकवलं असतं तर..." तिनं वळून हळदीच्या पट्ट्याकडं पाहिलं.

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. लागलं तर न्हाई ना, एकटीच आलीस का, एवढं उंचावरून भ्या वाटत न्हाई का. तोंडातून निघालं ते भलतंच.

"केस कापले व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. आणि पाठ फिरवून विमानाकडं निघून गेली.

तिला लगेच परत उडायचं होतं. एकटीनं लांबचा पल्ला मारायचा, मध्ये एका परक्या मैदानावर उतरायचं आणि परत जायचं, असा तो सराव. तिनं विमान वळवून घेतलं, उभं केलं, इंजिन वाढवून तपासलं. या इंजिनाला ठिणगीचे दोन वेगळे जोड असतात. एक बंद करून दुसरा नीट चालतो का ते उडण्याआधी बघावं लागतं. पहिला चालला. दुसऱ्याला इंजिन खोकल्यासारखं गचके देऊ लागलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिनं सगळं बंद केलं आणि विमानशाळेतल्या सरांना फोन लावला.

"सर म्हणाले, उडायचं नाही," तिनं जळबाला सांगितलं. "इंजिनीअर गाडीनं निघालाय. तोवर विमानापाशीच थांबायचं."

"किती येळ लागेल?" विश्वंभरानं विचारलं.

"तिसरा पहर होईल." ती बोलली जळबाकडं बघूनच.

आता विश्वंभराचे हाल सुरू झाले. त्याला तिथं थांबवेना आणि जाववेना. तो हळदीकडं गेला, दोन पोती भरली, तिसरं अर्धं टाकून परत विमानापाशी आला. प्रतिक्षा पंखाच्या सावलीत बसली होती. तो काही न बोलता विमानाला एक फेरा मारून आला. चाकं बघितली. ही चाकं त्याच्या फवारणी पंपाच्या गाड्याच्या चाकांपेक्षा थोडीच मोठी होती. पत्रा बोटानं वाजवून बघितला.

"हात लावू नका, अण्णा."

तो मागं झाला. पुन्हा हळदीकडं गेला. पोत्याचं तोंड शिवायला घेतलं, सुई बोटात घुसली. पाण्याची कळशी घेऊन परत आला आणि ती तिच्याजवळ ठेवून कुंपणाकडं निघून गेला. कुंपणापाशी नुसता उभा राहिला. मग पुन्हा आला.

"बसा ना एका जागी," ती शेवटी म्हणाली.

"बसतो," असं म्हणत तो उभाच राहिला.

तोवर बातमी गावभर झाली होती. आधी देविदास मोटारसायकलवर आला, त्याच्यामागं तांड्यावरची चार माणसं, मग शाळा सुटल्यासारखी पोरंसोरं. जळबा काठी घेऊन सगळ्यांना मागं सारत होता. देविदास पुढं आला, पोरीकडं बघितलं, विमानाकडं बघितलं.

"पाटील, ही आपली प्रतिक्षाच हाय ना?"

"व्हय."

"तुमी तर म्हणत व्हता, बँकेच्या परीक्षेची तयारी करून राहिली म्हणून."

प्रतिक्षानं मान वर करून बापाकडं पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं. विश्वंभराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. नेहमीसारखं उठून चालू लागावं, तर जायला जागा नव्हती. सगळा गाव तिथंच उभा होता.

"खोटं बोललो," तो म्हणाला. "इमान शिकून राहिली ती. मला सांगायची लाज वाटली."

"लाज?" देविदास म्हणाला. "आन् ती कशाची?"

विश्वंभर हाताला लागलेली हळद झटकू लागला. देविदास उत्तरासाठी थांबला नाही. तो पोरीला विचारू लागला, हे किती वर जातं, तेल कुठून भरतात, आमचा तांडा वरून दिसला का. प्रतिक्षा सांगत होती. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू दिसलं, पण ते देविदाससाठी होतं.

दुपार चढल्यावर मंजुळाबाई पुतण्याच्या गाडीवर मागं बसून आली. हातात भाकरीचं गाठोडं. तिनं लेकीला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "सकाळी कितीदा म्हणलं, उचला म्हणून."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हतं. पोरगी रोज बोलते माझ्याशी."

"मंग नीट सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुमी इकडं फिरकले असते का?"

मायलेकी पंखाखाली बसून भाकरी खाऊ लागल्या. मंजुळाबाईनं त्याच्यापुढंही भाकर आणि ठेचा ठेवला. त्यानं एक घास तोंडात घातला आणि चघळत बसला.

जेवणं झाल्यावर प्रतिक्षानं पुन्हा फोन काढला. "सरांना हळदीचं सांगायचंय," ती म्हणाली. "मघाशी इंजिनाचंच बोलले."

जळबा लांब उभा होता, पण त्यानं ते ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. विश्वंभर चटकन उठला.

"नको सांगू."

"सांगावं लागतं, अण्णा. नियम हाय."

"अगं, त्याची नोकरी जाईल. कंत्राटावर हाय तो. लेकरंबाळं हायेत घरी. इंजिन बिघडलं म्हणून थांबले, एवढं सांग की. हळद तर मी आत्ता उचलतो सगळी."

"आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा टाकाल."

"न्हाई टाकणार."

"तुमी न्हाई टाकणार. दुसरा कोणी टाकेल." तिचा आवाज चढला, मग तिनं तो खाली घेतला. "अण्णा, माझ्यानंतर रुद्र नावाचा पोरगा येणार हाय इथं. त्याची एकट्याची ही पहिलीच खेप. मला आधी एकदा सरांसोबत इथं उतरायला मिळालं व्हतं, म्हणून मी वर उठू शकले. त्याला हे मैदान माहीत न्हाई. मी गप बसले आणि त्याचं काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

विश्वंभराच्या डोळ्यांसमोर ते फिरतं पातं आलं, आणि त्यामागं एक कोवळा पोरगा, ज्याचा बाप कुठंतरी आपल्या कामात असेल, त्याला काही माहीत नसेल. विश्वंभर धावपट्टीकडं चार पावलं गेला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

"मंग माझं नाव सांग," तो म्हणाला. "जळबानं कालच सांगितलं व्हतं, देविदासनं उचलली बी. मीच ऐकलं न्हाई. हे बी सांग. उद्या नगरपालिकेत बोलवलं तर मी येऊन हेच बोलतो."

तिनं फोन लावला. बोलता बोलता ती शहरातल्यासारखं बोलू लागली, सावकाश आणि नीट. पूर्वेच्या टोकाला हळद होती, पहिल्यांदा उतरणं सोडून दिलं, दुसऱ्यांदा पुढं टेकवलं. राखणदारानं सूचना दिली होती, एका शेतकऱ्यानं उचलली नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो सर, नाव माहीत आहे. विश्वंभर..." ती क्षणभर थांबली. "सर, ते माझे वडील आहेत."

विश्वंभरानं मान दुसरीकडं वळवली. डोळ्यांत हळद गेल्यासारखा तो रुमालानं डोळे पुसत राहिला. वर्षभरात त्याची ओळख कुणी अशी दिली नव्हती, आणि दिली ती अशा गुन्ह्यासाठी. तरी त्याला ते पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं.

इंजिनीअर धम्मानंद जीपनं आला तेव्हा सावल्या लांबू लागल्या होत्या. बारीक अंगाचा, घाईचा माणूस. त्यानं इंजिनावरचं झाकण उघडलं, एक प्लग काढला, काजळी दाखवली, नवा बसवला. प्रतिक्षानं इंजिन चालू करून दोन्ही जोड तपासले. आवाज एकसारखा निघाला.

"आता लगेच निघा," धम्मानंद म्हणाला. "उजेडात पोचायला पाहिजे."

प्रतिक्षानं आईला मिठी मारली. बापापाशी आली, वाकून पाया पडली. तिला उठवताना तिच्या खांद्याला त्याचा हात लागला आणि पांढऱ्या शर्टावर पिवळी बोटं उमटली. त्यानं घाबरून हात मागं घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"आज नको जाऊ," तो एकदम बोलून गेला. "गाडीनं जा त्या साहेबासंगं. इमान उद्या नेतील कुणीबी."

"अण्णा, मीच आणलंय, मीच नेणार."

"वारं सुटलंय."

तिनं खांबावरच्या पिशवीकडं बघितलं. "समोरून हाय. समोरून असलं तर चांगलंच."

"पोचल्यावर फोन कर."

"करते."

त्यानं आणि जळबानं धावपट्टीवर सांडलेलं एक एक हळकुंड वेचलं होतं. विमान पूर्वेच्या टोकाला गेलं, वळलं, गरजलं, पळत आलं आणि त्यांच्यासमोरच जमिनीवरून सुटलं. पोरं ओरडली, देविदासनं टाळ्या वाजवल्या. विश्वंभर ओरडला नाही. ठिपका दिसेनासा झाल्यावरही तो तिकडंच तोंड करून उभा राहिला.

लोक पांगले. मंजुळाबाई म्हणाली, घरी चला. तो म्हणाला, चल. पण गेला नाही. पोती पुतण्यानं घरून आणलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली, ट्रॉली त्याच्याबरोबर लावून दिली. जळबाच्या खोलीपुढच्या दगडावर बसला, उठला. बायकोचा फोन मागून घेतला आणि हातात धरून धावपट्टीच्या कडेनं येरझाऱ्या घालू लागला. सूर्य खाली गेला. आभाळ तांबूस झालं, मग राखाडी.

"फोन लावू का?" तो म्हणाला.

"उडताना बंद असतो त्यांचा."

"आता तर पोचायला पाहिजे व्हती."

"पोचेल."

तो आणखी एक फेरी मारून आला. धम्मानंदची जीप कधीच गेली होती, नाहीतर त्याला विचारलं असतं. नगरपालिकेत कुणाला विचारावं? आता कोण असेल तिथं? त्याच्या डोक्यात तो पहिला दिवस आला, पोरगी पिशवी घेऊन निघाली तो. त्या दिवशी ती पोचली की नाही, हे त्यानं विचारलंही नव्हतं. बायको तेव्हा आपल्यासारखीच फोन हातात धरून एकटी बसली असणार, हे त्याच्या आज ध्यानात आलं. त्यानं वळून मंजुळाबाईकडं पाहिलं.

फोन वाजला तेव्हा तो हातातून पडता पडता राहिला.

"माय, पोचले गं."

"मी हाय," विश्वंभर म्हणाला.

"अण्णा, पोचले."

"एवढा उशीर?"

"उतरल्यावर विमान बांधावं लागतं. सरांना सगळं सांगावं लागलं."

"पोचल्या पोचल्या एक फोन करायला काय व्हतं? इथं माणूस..." तो थांबला. "काय म्हणाले सर?"

"म्हणाले, वर उठलीस ते बराबर केलंस. आणि तुमच्यावर लई चिडले."

"चिडू दे. चिडायलाच पाहिजे." त्याला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांत न फुटलेलं, म्हणून ते खोकल्यासारखंच निघालं. पलीकडं तीही हसली. "जेव," तो म्हणाला, आणि फोन बायकोच्या हातात दिला.

मायलेकी बोलत राहिल्या. तो दगडावर टेकला. दिवसभराचा शीण पायांत उतरला होता. आता घरी जावं, आंघोळ करावी, उद्या नगरपालिकेत जाऊन काय बोलायचं ते ठरवावं, असं त्याच्या मनात आलं. जळबाला कामावर ठेवतील का नाही, याचीही काळजी होती.

मंजुळाबाईनं फोन ठेवला आणि पदर खोचला. "चला आता."

"पुन्हा कधी उडणार हाय ती?" त्यानं विचारलं.

"उद्या सकाळी."

विश्वंभर दगडावरून उठला आणि ती गेली होती त्या पश्चिमेकडं बघत उभा राहिला.